गिरिजासाठी दुधाचा बर्फ

टॉन्सिल्सचं ऑपरेशन अर्ध्या तासात उरकतं. आमच्या गिरिजाचंही तेवढ्यातच उरकलं. डॉक्टर हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "माझं काम झालं. आता तुमचं." तेव्हा मला ती नुसती बोलण्याची पद्धत वाटली. पुढच्या चार दिवसांत मी माझ्या वाटच्या कामात असा काही नापास झालो, की तीन वर्षं होऊन गेली तरी त्याची आठवण निघाली की स्वतःचाच संताप येतो.

हे लिहायला कारण झाले आमच्या सुताच्या पेढीवरचे शिवशरण. त्यांच्या मुलाचं याच उन्हाळ्यात ऑपरेशन ठरलं आहे. परवा त्यांनी विचारलं, "ऑपरेशन झाल्यावर पोराला बर्फ देतात म्हणे. खरं का हो? तुमी दिला होता की."

मी "हो, द्या" म्हणालो आणि खाली मान घालून सुताच्या गाठींची यादी लिहू लागलो. एवढ्या उत्तराने त्यांचं भागणार नाही हे मला समजत होतं. पण पूर्ण उत्तर द्यायचं तर मला माझ्याबद्दल बरंच सांगावं लागलं असतं, आणि पेढीवर ते जमलं नसतं. म्हणून इथे लिहितो. गिरिजा आता अकरा वर्षांची आहे, धडधाकट आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायला नको. औषधांतलं मला काही कळत नाही. घरात काय होतं तेवढं मी सांगू शकतो.

गारेगारवर माझा राग

बहात्तरचा दुष्काळ होऊन दोनेक वर्षं झाली होती. गिरिजा आठ वर्षांची. दर महिन्याला तिचा गळा सुजायचा, ताप चढायचा, चार-पाच दिवस शाळा बुडायची. माझ्या मते गुन्हेगार ठरलेला होता, तो म्हणजे गारेगार. रंगीत पाण्याच्या त्या कांड्या विकणारे हातगाडीवाले आमच्या सात रस्त्याच्या चौकात दिवसभर उभे असतात. आमच्या पेढीच्या समोर बर्फाचं गोदाम आहे. बर्फाच्या लाद्या तिथे रस्त्यावरून ओढत नेतात, वर भुसा आणि ओलं गोणपाट टाकतात. एकदा त्या गोणपाटावर एक कुत्रं आरामात झोपलेलं मी पाहिलं. त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालं. कुणीही गिरिजाच्या गळ्याचं विचारलं की मी म्हणायचो, "गारेगार खाते. दुसरं काय."

डॉक्टरांनी तिच्या घशात बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "काढायला हवेत. आता औषधाने भागणार नाही."

मी विचारलं, "गारेगार खाऊनच झालं ना हे?"

"त्याचा काही संबंध नाही."

"पण बर्फ..."

मी तिसऱ्यांदा बर्फाचं काढल्यावर ते वैतागले. "अहो, ऑपरेशन झालं की मीच तिला बर्फ द्या म्हणून सांगणार आहे."

मला ती थट्टा वाटली. बाहेर बाकावर गिरिजा पाय हलवत बसली होती. तिने विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "औषध दिलंय." खिशात औषध नव्हतं, ऑपरेशनच्या दिवसाची चिठ्ठी होती.

करमाळ्याचा टांगा

ऑपरेशनला आठ दिवस होते. माझी बायको महादेवी रोज म्हणायची, "सांगा तिला. पोरीला सगळं कळतंय." मी रोज म्हणायचो, "सांगतो." ती रडेल याची मला भीती होती. खरं तर ती रडली तर मला ते पाहवणार नाही, याची होती. त्यात तिचा विचार कमी आणि माझाच जास्त होता.

शेवटी ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी तिला सांगितलं की आपण करमाळ्याला मामाकडे जातोय. तिने पिशवी भरली. दोन फ्रॉक, सागरगोटे, मामेबहिणीला द्यायला जपून ठेवलेली रिबीन. कुठल्याही प्रवासाला उपाशी निघायचं असतं असंही मी तिला पटवलं, कारण डॉक्टरांनी पोट रिकामं ठेवायला सांगितलं होतं. टांगा स्टँडच्या रस्त्याला न लागता दवाखान्याकडे वळला.

"आप्पा, स्टँड तिकडं हाय की."

"इथे जरा काम आहे."

टांगा थांबला. तिने दारावरची पाटी वाचली. पिशवी छातीशी धरून ती खाली उतरली आणि आत गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. पुढे ऑपरेशनमुळे तिला बोलताच येत नव्हतं, त्यामुळे ती माझ्याशी बोलत नाही हे कळायला मला चार दिवस लागले.

दवाखाना

दवाखान्यात आम्ही दीड दिवस होतो. शुद्धीवर आल्यावर तिला उलटी झाली, मग ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दुपारी सिस्टर वाटीत बर्फाचे बारके तुकडे घेऊन आल्या. "हे चोख बाळ. गार वाटेल."

गिरिजाने ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली.

सिस्टर हसून म्हणाल्या, "इथे सगळी पोरं बर्फासाठी भांडतात. ही पहिलीच बघितली नको म्हणणारी."

आणि मला, सांगायला लाज वाटते, अभिमान वाटला. मी म्हणालो, "आमच्याकडे गार खायची सवयच नाही."

निघताना डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं. गार द्यायचं, वारंवार द्यायचं. गिळताना दुखेल, कानातही कळ जाईल, तरी गिळायला लावायचं. गिळलं नाही तर जखम कोरडी पडते, रक्त येऊ शकतं आणि या उन्हात मूल सुकून जातं. आंबट नको, झोंबतं. लाल रंगाचं काही नको, कारण उलटी झाली तर रंग कुठला आणि रक्त कुठलं हे कळत नाही. मी सगळं चिठ्ठीवर लिहून घेतलं. चिठ्ठ्या लिहिण्यात मी कधी कमी पडलो नाही.

अव्वा आणि डॉक्टर

घरी माझी आई होती, आमची अव्वा. अक्कलकोटकडचं माहेर, त्यामुळे तिला राग आला की निम्मं कानडीत यायचं. मी चिठ्ठी वाचून दाखवली. बर्फ हा शब्द आला आणि तिने हात वर केला.

"बेड, बेड. नको म्हणते मी. कापल्याल्या जागंवर बर्फ ठेवत्यात व्हय? ह्यो डाक्टर कुटं शिकला?"

"अव्वा, सगळ्यांना हेच सांगतात ते."

"सगळ्यांची पोरं त्येंच्या घरी. ही माजी नात हाय."

इथे मी ठामपणे बोलायला हवं होतं. मी महादेवीकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात अवघड निर्णय असेच एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहून जातात. घरातले पहिले दोन दिवस मग अव्वाच्या मताने झाले. कोमट हळदीचं दूध, तांदळाची पेज, तूप घातलेली मऊ खिचडी. गिरिजाने दुधाचा एक घोट घेतला, आणि गळ्यातून जो आवाज आला तो ऐकून महादेवी वाटी ठेवून मागच्या अंगणात निघून गेली.

भेटायला येणारे तर विचारू नका. एकाने ज्येष्ठमध आणलं, एकाने काढा. माझ्या चुलतभावाने गरम पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या आणि करूनही दाखवल्या, माझ्याच तांब्यातून. गिरिजाच्या वर्गातल्या बाईंनी लिंबाचं सरबत आणलं. सगळ्यांना चहा द्यावा लागला. आजारी मुलीच्या पोटात चार चमचे जात नव्हते आणि चुलीवरचं चहाचं आधण उतरत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गिरिजाचे ओठ फुटलेले दिसले. मग मात्र मी भांडं उचललं आणि समोर गेलो.

नरसम्माचा फ्रीज

गल्लीत फ्रीज एकच होता. समोरच्या चादरीच्या कारखानदाराकडे. त्याची बायको नरसम्मा फ्रीजची किल्ली कमरेला लावायची आणि फ्रीजवर विणलेला रुमाल घालायची. मला तिच्याकडे काही मागायला संकोच वाटत होता. दारात भांडं घेऊन उभा राहिलो आणि प्रस्तावना करू लागलो.

"गिरिजाचे आप्पा, फ्रीज काय पुजायला आणलाय का आमी?" ती म्हणाली. "द्या की ते."

मी परत आलो तर अव्वा ओसरीवर उभी. "त्येंच्या त्या कपाटात मटण असतंय. त्यातलं दूध लेकराच्या तोंडात घालणार तू?"

आम्ही लिंगायत. अव्वाने आयुष्यात अंड्याला हात लावलेला नाही. हे तिचं म्हणणं मी खोडू शकत नव्हतो, आणि मान्य करायला मुलीचे ओठ मला परवानगी देत नव्हते. मी चरफडत खांबाला टेकून उभा राहिलो. अव्वाचा आवाज काही लहान नाही. तासाभराने नरसम्मा आमच्या उंबऱ्याशी आली, पदराला हात पुसत.

"अव्वा, सोडा घालून आख्खा फ्रीज धुतलाय. पोरगी बरी होईतोवर आमच्यात मटण न्हाय. मालकाला सांगितलंय, खायचं तर भायेर जाऊन खावा."

अव्वाने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग तिने विचारलं, "मालक ऐकला?"

"न ऐकून जातोय कुटं? सैपाक मीच करते की."

अव्वाने हो म्हटलं नाही. पण ती आत जाऊन बसली, आणि आमच्या घरात त्याचा अर्थ हो असाच घेतात.

कसं करायचं

शिवशरण, हा भाग तुमच्यासाठी.

नुसतं दूध ग्लासात ओतून बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. मी ठेवलं. त्याचा धोंडा झाला. बत्त्याने फोडायला गेलो तर ग्लासाला पोचा आला आणि बर्फाचे जे कपचे उडाले ते सुईसारखे टोकदार होते. असलं काही कापलेल्या घशात घालायचं नसतं. दूध आधी आटवा, त्यात थोडं आरारूट गार दुधात कालवून घाला म्हणजे दाटपणा येतो. साखर जरा जास्त घाला, गार झाल्यावर गोडी कमी लागते. वेलची घालायचा मोह होतो, पण तिची साल घशाला टोचते. घातलीत तर गाळून घ्या. दूध पूर्ण निवल्यावर पसरट भांड्यात ओतून कप्प्यात ठेवा. कडेने धरायला लागलं की बाहेर काढून रवीने घुसळा आणि परत ठेवा. असं दोनतीनदा केलं की ते लोण्यासारखं मऊ राहतं. पिकलेलं केळं किंवा चिकू कुस्करून, गाळून घातला तरी चालतो. कलिंगड नको, लाल असतं. पन्हं नको, आंबट असतं. खडीसाखरेचं उकळून निववलेलं पाणी बर्फाच्या साच्यात ठेवलं तर चघळायला बरं. बाजारातला बर्फ घरात आणू नका. त्या एका बाबतीत माझं मत अजून तेच आहे.

हे लिहायला सोपं. दोनतीनदा घुसळणं म्हणजे दोनतीनदा नरसम्माच्या दारात जाणं. मालक दुपारी जेवून फ्रीजच्या समोरच चटईवर झोपायचे, त्यांना ओलांडून जावं लागायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळं जमत आलं आणि वीज गेली. दोन तास आली नाही. पाहतो तो पांढरं पाणी. मी नरसम्मालाच म्हणालो, "कसला तुमचा हा फ्रीज." तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. फ्रीज तिचा, वीज सरकारची, आणि चिडतोय मी. माफी मागायचंही मला सुचलं नाही.

संध्याकाळी पहिल्यांदा ते नीट जमलं. मी चमच्याने चाखलं. खरोखर छान झालं होतं. ओल्या फडक्याखाली वाटी झाकून गल्ली ओलांडली, तरी कडा सुटल्याच. गिरिजासमोर वाटी धरली. तिने वाटीकडे पाहिलं. तिला ते हवं होतं, शपथेवर सांगतो, तिच्या जिभेने ओठ ओले केले. मग तिने मान हलवली आणि तोंडावर हात ठेवला.

महादेवीने प्रयत्न केला. मी केला. दूध वितळलं. नवीन लावलं. तेही वितळलं.

चौथा दिवस

चौथ्या दिवशी सकाळी ती थुंकली त्यात लाल धागा दिसला. मी धावत डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी घसा पाहिला, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच जागेवर बसेना.

"हिच्या पोटात चार दिवसांत काय गेलंय?"

महादेवीने वितळलेल्या दुधाची वाटी पुढे केली.

"संध्याकाळी सहापर्यंत मोठा पेलाभर तरी गार गेलं पाहिजे. नाहीतर घेऊन या, सलाईन लावतो. आणि रक्त वाढलं तर सहाची वाट बघू नका."

ते गेल्यावर मी नवीन वाटी घेऊन बसलो. समजावलं, गोंजारलं, बाहुली कबूल केली. शेजारी महादेवी वारा घालत होती. खोलीत भट्टीसारखं तापलं होतं. गिरिजा मान हलवत राहिली, आणि मग माझा तोल गेला. मी वाटी जमिनीवर आपटली आणि ओरडलो, "किती छळशील? तुझ्यापायी मी मरायची वेळ आलीय."

असं आपण किती सहज बोलतो. पण तिचा चेहरा पांढरा पडला. तिने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले आणि ती भिंतीला चिकटून बसली. रडायलाही गळा नव्हता, नुसते खांदे हलत होते.

महादेवी मला म्हणाली, "तुमी उठा हितनं. उठा आधी." मग तिने दप्तरातली पाटी काढून गिरिजाच्या मांडीवर ठेवली. "काय झालं सांग बाळ. लिव्ह."

चार दिवसांत हे आमच्यापैकी कुणालाही सुचलं नव्हतं. पाटी घरात होती, पेन्सिल घरात होती. आम्ही तिला हजार वेळा 'खा' म्हणालो, आणि 'का नको' हे एकदाही विचारलं नाही.

तिने हळूहळू लिहिलं. महादेवीने मोठ्याने वाचलं.

"खाल्लं तर आप्पा मरतील."

मला क्षणभर काही कळलं नाही. मग आठवलं, आणि मी खाली बसलो.

आदल्या वर्षीची गोष्ट. गिरिजा तापातून उठून दोनच दिवस झाले होते. मी चहाला पेढीबाहेर पडलो, तर ही मैत्रिणींबरोबर हातगाडीपाशी, हातात नारिंगी गारेगार. मी ते हिसकावून गटारात टाकलं. मग वाकलो, तिचा चिकट हात माझ्या गळ्यावर ठेवला आणि म्हणालो, "म्हण, आप्पांच्या गळ्याशप्पथ. परत गार काही खाणार नाही. खाल्लं तर आप्पा मरतील." मैत्रिणी बघत होत्या. गाडीवाला म्हणाला, "जाऊ द्या की साहेब, लेकरू हाय." मी दटावलं, "म्हण." ती म्हणाली. शब्द न् शब्द.

पेढीत परत गेलो आणि चारआठ दिवसांत ते विसरलोही. ती विसरली नव्हती. त्यानंतर नरसम्माच्या दिराच्या लग्नात सगळी पोरं आइस्क्रीमवर तुटून पडली होती आणि ही बाजूला उभी राहिली होती. आम्ही लोकांना कौतुकाने सांगितलं होतं, आमच्या गिरिजाला आवडत नाही.

"सुटली," मी म्हणालो. "गिरिजा, शपथ सुटली. मी सांगतो ना, सुटली. खा तू."

तिने माझ्याकडे पाहिलं. तळहाताने पाटी पुसली. एकच शब्द लिहिला आणि पाटी माझ्याकडे वळवली.

"करमाळा."

अव्वाचं म्हणणं

अव्वा दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिला वाचता येत नाही. तिने महादेवीला विचारलं, "काय लिवलंय?" महादेवीने सांगितलं. दवाखान्यात नेताना मी गिरिजाला काय सांगितलं होतं हेही तेव्हाच अव्वाला कळलं.

"मल्ल्या," ती म्हणाली. पंचेचाळिशीच्या माणसाला ती अजून असंच हाक मारते. "तुज्या बापानं कदी शपथ घातली तुला?"

"नाही."

"मी घातली?"

"नाही अव्वा. चुकलो."

"मला कशाला सांगतोस? माजा गळा दुकतोय का?"

मी गिरिजाच्या समोर जमिनीवर बसलो. आठ वर्षांच्या मुलीपुढे चुका कबूल करणं इतकं अवघड असेल असं मला वाटलं नव्हतं. मी सांगितलं की करमाळ्याचं खोटं होतं. डॉक्टर काय म्हणाले ते बाहेर आल्यावर तुझ्यापासून लपवलं, तेही खोटंच. तुझा गळा गारेगारने बिघडला नव्हता. डॉक्टरांनी मला हे स्पष्ट सांगितलं होतं, आणि मी तुला सांगितलं नाही, कारण मग तुला उगीच ओरडत होतो हे मान्य करावं लागलं असतं. आणि शपथ मोडली म्हणून कुणी मरत नाही. ते मी तुला घाबरवायला म्हणालो होतो.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे न बघता पाटीवर लिहिलं, आणि पाटी महादेवीपुढे धरली.

"अव्वाला विचार, खरं का."

अव्वाला. ज्या घरात कुणी बर्फाचं नाव काढलं की अव्वा कानडीत सुरू व्हायची, त्या घरात. मला वाटलं, संपलं आता. घड्याळात साडेतीन झाले होते. मी अव्वाच्या पायाला हात लावायला गेलो तर तिने पाय मागे घेतला.

"हो म्हण म्हणून मला नको सांगू," ती म्हणाली. "तिच्याशी खोटं बोलायला आनि एक मानूस नको."

ती गिरिजाच्या शेजारी बसली. मग तिने मला नवीन वाटी आणायला पाठवलं. मी गल्ली ओलांडून गेलो आणि आलो. अव्वाने वाटी हातात घेतली, वास घेतला, तोंड वाकडं केलं.

"हे बघ पोरी. गार वाईट असतंय, असं माजं म्हननं हाय. ते काल बी हुतं, आज बी हाय. डाक्टर काय बी म्हनू दे. पन तू हे खाल्लंस म्हनून तुजा बाप मरनार न्हाय. त्याला मी जलम दिलाय. कशानं मरंल आनि कशानं न्हाय, मला म्हाईत हाय."

मग तिने देवळीतली विभूती घेतली आणि माझ्या गळ्याला फासली, लहान मुलाला फासतात तशी, जोर लावून. "घे. आता झालं."

आणि तिने चमचा भरून स्वतःच्या तोंडात घातला. नरसम्माच्या फ्रीजमधलं दूध. गारव्याने तिचे डोळे मिटले. महादेवीचा वारा घालणारा हात थांबला.

"लई गोड केलंय," अव्वा म्हणाली आणि दुसरा चमचा गिरिजापुढे धरला.

गिरिजाने तोंड उघडलं. गिळताना तिने दोन्ही कान दाबून धरले आणि डोळ्यांतून पाणी आलं. घोट खाली गेला. मग तिने अव्वाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा, छाती, हात. मी बसून राहिलो. बऱ्याच वेळाने तिने परत तोंड उघडलं. दुसरा चमचा. परत माझ्याकडे.

तिसऱ्या की चौथ्या चमच्याला बाहेरून कुणीतरी मला हाक मारली. मी उठू लागलो तर गिरिजाने तोंड मिटून घेतलं.

"बस तितंच," अव्वा म्हणाली.

मी बसलो. पाय आखडले, सदरा पाठीला चिकटला, घामाने गळ्यावरची विभूती ओघळून छातीवर आली. ती वाटी संपायला पाऊण तास लागला, आणि सहाच्या आत महादेवीने आणलेल्या आणखी दोन वाट्या संपल्या. सलाईनसाठी जावं लागलं नाही. पण तिने एकही घोट माझ्याकडे बघितल्याशिवाय घेतला नाही. दर वेळी ती गिळायची, थांबायची आणि मला तपासायची, आणि दर वेळी मी तिला जिवंत दिसत होतो.